अडकलेल्या यंत्राचा आवाज

१९९८च्या पावसाळ्यातली गोष्ट. मिरजेत माझं संगणक जोडून देण्याचं आणि दुरुस्तीचं छोटं दुकान होतं. त्याआधी मी रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचो. संगणकाचं रीतसर शिक्षण माझं कधीच झालं नाही. एका दुपारी एक निवृत्त गुरुजी आपला संगणक रिक्षातून घेऊन आले. तक्रार अशी, की नातू ‘क्वेक’ नावाचा खेळ खेळत असताना चित्र मध्येच थिजतं, कीबोर्ड आणि माउस चालत नाहीत आणि स्पीकरमधून आवाजाचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा वाजत राहतो. मेन स्विच बंद करेपर्यंत तो थांबत नाही.

“घरातली मंडळी घाबरतात रे,” गुरुजी म्हणाले. “मेलेलं माणूस बोलावं तसं वाटतं.”

मी दुकानात तो खेळ लावून ठेवला. वीसेक मिनिटांनी चित्र थिजलं आणि स्पीकरमधून ‘घर्र-घर्र-घर्र’ सुरू झालं. आवाज बिघडलाय म्हणजे आवाजाचं कार्ड बिघडलंय, असा सरळ हिशेब मी केला आणि गुरुजींना नवं साउंड कार्ड घ्यायला लावलं. पेन्शनवर घर चालवणाऱ्या माणसाला ती रक्कम लहान नव्हती. आठवड्याभरात संगणक परत आला, तीच तक्रार घेऊन. या वेळी मी एकेक भाग बदलून पाहिला. दोष मेमरीच्या एका पट्टीत निघाला. पट्टी बदलली आणि संगणक सुरळीत चालू लागला. कार्डाचे पैसे मात्र गेले ते गेलेच. जुनं कार्ड मी एका खोक्यात टाकून दिलं.

मेमरी खराब झाल्यामुळे संगणक थांबला, हे मला कळलं. पण थांबलेल्या संगणकात तो तुकडा वाजवत कोण होतं? चित्र मेलं, कीबोर्ड मेला, मग आवाज कसा जिवंत राहिला? या एका प्रश्नामागे मी पुढची काही वर्षं घालवली. उत्तर शोधताना संगणकावरच्या खेळांच्या इतिहासातलं एक दुर्लक्षित पान हाती लागलं. या खेळांबद्दल जे काही लिहिलं जातं, ते बहुतेक चित्रांबद्दल असतं. आवाजाकडे फार थोड्यांचं लक्ष जातं. मला वाटतं, यंत्र अडकल्यावर जो आवाज मागे राहतो, तो त्या काळातल्या आवाजाच्या व्यवस्थेचा सगळ्यात प्रामाणिक पुरावा असतो. त्या पुराव्याच्या आधारानेच हा इतिहास मांडतो.

न संपणारा सूर

ऑगस्ट १९८१मध्ये आयबीएमचा पहिला पीसी बाजारात आला. त्यात एक बारीकसा स्पीकर होता आणि त्याला सूर पुरवायचं काम इंटेलची ८२५३ ही घड्याळाची चिप करत असे. प्रोसेसरने त्या चिपला एक आकडा द्यायचा. त्या आकड्याच्या हिशेबाने ती स्पीकरला झटके देत राहायची. सूर एकच आणि तोही कर्कश. मात्र एकदा सांगून झालं, की प्रोसेसरचं काम संपलं. सूर थांबवायलाही त्यानेच सांगावं लागे. त्यामुळे सूर चालू असताना यंत्र अडकलं, तर ‘थांब’ म्हणायला कुणीच उरत नसे आणि तो एकच सूर अखंड वाजत राही. जुन्या पीसीवर काम केलेल्यांना ती लांबलचक शिट्टी आठवत असेल.

१९८७मध्ये कॅनडातल्या क्विबेकमधून ‘ॲडलिब’ नावाचं कार्ड आलं. त्यात यामाहाची वायएम ३८१२ ही चिप होती. एका वेळी नऊ स्वर काढायची तिची ताकद. तिच्यामागचं तत्त्व, म्हणजे एका कंपनाने दुसऱ्या कंपनाची वारंवारता हलवून नवे ध्वनी घडवणं, हे जॉन चाउनिंग यांना १९६७मध्ये स्टॅनफर्डला सापडलं. त्यांनी ते १९७३मध्ये निबंधरूपाने प्रसिद्ध केलं आणि यामाहाने त्याचे हक्क घेतले. या चिपशी बोलायची रीत पेटीवाल्याच्या ओळखीची आहे : अमुक पट्टी दाब, आता सोड. दाबणं आणि सोडणं या दोन वेगवेगळ्या आज्ञा. पट्टी दाबलेली असताना यंत्र अडकलं, तर सोडायची आज्ञा येतच नाही. मग सूर धरून ठेवणारं वाद्य लावलेलं असेल, तर ती सुरावट तशीच टांगलेली राहते.

या दोन्ही आवाजांमध्ये साठवण कुठेच नव्हती. स्पीकरला काय किंवा ॲडलिबला काय, फक्त आज्ञा जात असत आणि आवाज जागेवर तयार होई. गुरुजींच्या संगणकातून निघणारा तुकडा मात्र वेगळ्या जातीचा होता. त्यात बंदुकीचा बार होता, भिंतीवरून आलेला घुमार होता. कुणीतरी आधी ध्वनिमुद्रित केलेला तो आवाज होता. म्हणजे तो कुठेतरी साठवलेला असणार.

रहाटगाडगं

ही साठवण घराघरात पोचली ती सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीमुळे. सिम वोंग हू यांनी १९८१मध्ये ती स्थापन केली आणि १९८९मध्ये ‘साउंड ब्लास्टर’ हे कार्ड आणलं. ॲडलिबची यामाहा चिप त्यावर होतीच; शिवाय ध्वनिमुद्रित आवाज वाजवण्याची सोयही होती.

ध्वनिमुद्रित आवाज संगणकात आकड्यांच्या रूपात असतो. हवेच्या दाबाची सेकंदातून हजारो वेळा नोंद घ्यायची. त्यातल्या प्रत्येक नोंदीला सॅम्पल म्हणतात. त्या काळातल्या खेळांमध्ये सेकंदाला ११,०२५ सॅम्पल हे प्रमाण रूढ होतं. आता अडचण बघा. सेकंदाला ११,०२५ आकडे, तेही अगदी समान अंतराने, स्पीकरकडे जायला हवेत. प्रोसेसरला चित्र काढायचंय, राक्षसांच्या हालचाली ठरवायच्यात, खेळाडूने कुठलं बटण दाबलं ते बघायचंय. तो दर आकड्यासाठी उठून येऊ शकत नाही.

म्हणून मध्ये एक साठा ठेवतात. त्यालाच बफर म्हणतात. आज मोबाइलवर व्हिडिओ अडला, की ‘बफरिंग’ हा शब्द घरातल्या आजींच्याही तोंडी असतो. तोच हा शब्द. मेमरीचा एक छोटा पट्टा राखून ठेवायचा. प्रोसेसरने सवड मिळेल तशी त्यात आवाजाची भर घालायची आणि कार्डाने आपल्या संथ, ठरलेल्या लयीत त्यातून उचलायचं. उचलण्याच्या या कामात प्रोसेसरला हातही लावावा लागत नाही. त्यासाठी पीसीमध्ये डायरेक्ट मेमरी ॲक्सेस म्हणजेच ‘डीएमए’ नावाची स्वतंत्र व्यवस्था असते. ती मेमरीतून थेट कार्डाकडे आकडे पोचवते. पट्ट्याच्या शेवटाशी पोचली, की पुन्हा सुरुवातीला येते.

आमच्या भागातल्या जुन्या विहिरींवर रहाटगाडगी होती. चाक फिरत राहायचं, गाडगी खाली भरायची, वर रिकामी व्हायची. आवाजाचा बफर असाच गोल फिरतो. भरणारा पुढे, उपसणारा मागे आणि दोघांत अंतर राखायचं. फरक एकाच गोष्टीचा आहे, पण सगळी मेख त्यातच आहे. रहाटाचं गाडगं वर आलं की रिकामं होतं. बफरमधला आकडा वाजवल्यावरही जागेवरच राहतो. भरणाऱ्याने त्यावर नवा आकडा लिहीपर्यंत जुनाच तिथे असतो.

माझ्या प्रश्नाचं उत्तर इथे मिळालं. मेमरीच्या दोषामुळे प्रोसेसर थांबला तेव्हा भरणारा थांबला. उपसणाऱ्याला ते कळायचं काही कारणच नव्हतं. तो इमानेइतबारे फिरत राहिला आणि बफरमध्ये शेवटचं जे काही भरलेलं होतं, तेच पुन्हा पुन्हा वाजवत राहिला. ज्याला मी खराब ठरवलं, ते कार्ड त्या संगणकात अखेरपर्यंत आपलं काम चोख करत होतं.

त्या ‘घर्र’चा हिशेबही लागतो. ११,०२५ सॅम्पल, प्रत्येक सॅम्पल दोन बाइटचं आणि डावा-उजवा असे दोन कान. म्हणजे सेकंदाला ४४,१०० बाइट. समजा बफर ४,०९६ बाइटचा आहे. तो सेकंदाच्या अकराव्या हिश्श्याहून किंचित जास्त वेळात संपतो आणि तोच तुकडा सेकंदाला जवळपास अकरा वेळा वाजतो. कानाला तो तुकडा असा ऐकूच येत नाही. नुसती घरघर ऐकू येते. बफर याच्या सोळापट, म्हणजे ६५,५३६ बाइटचा असेल, तर एक तुकडा जवळपास दीड सेकंदाचा होतो आणि बंदुकीचा अख्खा बार पुन्हा पुन्हा ऐकू येतो. अडकलेल्या यंत्राजवळ घड्याळ घेऊन बसलं, तर आतल्या बफरची लांबी मोजता येते.

‘डूम’ : जे छापता आलं नाही

इथपर्यंतचं मला कार्डांच्या माहितीपुस्तिकांवरून आणि जोडणी करता करता समजलं. पण खेळ लिहिणाऱ्यांनी या बफरचा विचार कसा केला होता, हे कळायला त्यांचं लिखाणच वाचायला हवं होतं. सुदैवाने ते उपलब्ध झालं. टेक्ससच्या ‘इड सॉफ्टवेअर’ या कंपनीचा ‘डूम’ हा खेळ १० डिसेंबर १९९३ला प्रसिद्ध झाला. चार वर्षांनी, डिसेंबर १९९७मध्ये कंपनीचे प्रमुख प्रोग्रामर जॉन कारमॅक यांनी त्याचा सोर्स कोड जगाला खुला केला. मी तेव्हा नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या पुस्तकावरून सी भाषा गिरवत होतो. ओळखीच्या एका मुलाने तो कोड मला सीडीवर आणून दिला आणि मी पोथी वाचावी तसा रोज थोडा थोडा वाचू लागलो.

‘डूम’ ज्या डॉसवर गाजला, त्या डॉसमधला आवाजाचा कोड त्यात नव्हता. कंपनीने आवाजाचं काम स्वतः केलंच नव्हतं. पॉल राडेक यांची ‘डीएमएक्स’ ही तयार लायब्ररी वापरली होती. तिचे हक्क कंपनीकडे नसल्याने ती खुली करता येईना. म्हणून लिनक्सवरची आवृत्ती तेवढी बाहेर आली. सोबतच्या टिपणात कारमॅक यांनी ही लायब्ररी वापरणं चूक होती असं मोकळेपणाने मान्य केलं आणि आपण आता आवाजाचा कोड स्वतःच लिहितो, असंही सांगितलं. इतिहासाच्या अभ्यासकाला ही जागा ओळखीची वाटेल. दप्तरातली नेमकी हवी असलेली पानं दुसऱ्याच्या मालकीची निघतात आणि कडी तिथे तुटते.

लिनक्सच्या आवृत्तीत जे आहे तेही शिकवणारं आहे. एका वेळी आठ आवाज, प्रत्येक खेपेला ५१२ सॅम्पल. म्हणजे सुमारे ४६ मिलिसेकंदांचा आवाज. आठही आवाजांचे आकडे एकमेकांत मिळवायचे आणि बेरीज ठरलेल्या मर्यादेबाहेर गेली, तर मर्यादेवरच छाटायची. नववा आवाज आला आणि जागा नसली, तर सगळ्यात जुना आवाज बाजूला काढायचा. करवतीसारखे काही आवाज मात्र एका वेळी एकदाच वाजू द्यायचे, नाहीतर नुसता कालवा होतो. आवाज वाजवण्याचं काम वेगळ्या प्रोग्रामकडे सोपवायचीही सोय होती. मुख्य खेळ त्याला नुसता निरोप धाडत असे. खेळ चित्रात गुंतला, तरी आवाज अडू नये, हा त्यामागचा विचार.

‘क्वेक’ : दूध बघून येणं

जून १९९६मध्ये आलेल्या ‘क्वेक’चा कोड डिसेंबर १९९९मध्ये खुला झाला. यात आवाजाचा कोड कंपनीचा स्वतःचा होता, त्यामुळे डॉसचे भागही वाचायला मिळाले. गुरुजींच्या संगणकात जे वाजत होतं, त्याचा मूळ दस्तऐवज अखेर माझ्या हाती आला.

त्यातली रचना थोडक्यात अशी. खेळ दर फेरीला कार्डाचा उपसणारा हात बफरमध्ये नेमका कुठे पोचलाय ते बघतो. ती जागा म्हणजे ‘आत्ता’. तिथून पुढे ठरावीक अंतरापर्यंतचा आवाज मिसळून बफरमध्ये भरून ठेवतो. हे अंतर किती, ते एका आकड्याने ठरतं आणि तो आकडा आहे ०.१. म्हणजे सेकंदाचा दहावा हिस्सा. खेळ कानाच्या पुढे एवढाच धावतो.

आता समजा चित्र काढण्यात इतका वेळ गेला, की उपसणारा हात भरणाऱ्याच्या पुढे निघून गेला. अशा वेळी कोड राहिलेली जागा भरत बसत नाही. भरण्याची खूण ‘आत्ता’वर आणून तिथून पुढे चालू लागतो. गेला तो आवाज गेला. शिवाय अशी वेळ येऊ नये म्हणून आणखी एक युक्ती आहे. चित्र काढण्याच्या लांबलचक कामात मध्ये मध्ये थांबून आवाजाच्या कामाला हाक मारली जाते. पोळ्या लाटता लाटता मध्येच उठून दूध बघून यावं, तसं.

आवाजांना जागा देण्याचे नियमही इथे बारकाईने केलेले दिसतात. जागा कमी पडली, तर ज्याचं वाजणं लवकरात लवकर संपणार आहे, तो आवाज काढायचा. मात्र राक्षसाच्या आवाजासाठी खेळाडूचा स्वतःचा आवाज कधीच काढायचा नाही. एकाच क्षणी तोच आवाज दोनदा सुरू झाला, तर दुसऱ्याची सुरुवात किंचित कापून तो पुढून वाजवायचा. तसं नाही केलं, तर दोन बंदुका ऐकू न येता एकच बंदूक मोठ्याने ऐकू येते. भजनात दोघांचे गळे वेगळे कळतात ते दोघं तंतोतंत एकत्र नसल्यामुळे. इथे तो फरक मुद्दाम आणलाय.

आणि मग, एका रात्री, पडद्यावर ‘हो की नाही’ असं विचारणाऱ्या चौकटीचा कोड वाचताना मी थबकलो. ती चौकट उघडी असताना खेळ उत्तराची वाट बघत थांबलेला असतो. त्याआधी एका ओळीत संपूर्ण बफर पुसून टाकलाय. शेजारी टीप आहे. तिचा अर्थ एवढाच, की डीएमएने चालू आवाज घोळवत बसू नये म्हणून. गुरुजींच्या घरातली मंडळी ज्याला घाबरत होती, ते कारमॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांना पुरतं ठाऊक होतं. जिथे खेळ स्वतःहून थांबणार होता, तिथे त्यांनी आधी बफर पुसायची काळजी घेतली होती. मेमरीच्या पट्टीने दगा दिला तर पुसायला कुणी उरत नाही, याला त्यांचा इलाज नव्हता.

आणखी एक पुरावा माझ्या डोळ्यांसमोर होता, पण मला तो दिसला नव्हता. ‘क्वेक’च्या मूळ सीडीवर ट्रेंट रेझनॉर यांच्या ‘नाइन इंच नेल्स’चं संगीत साध्या गाण्याच्या सीडीसारखं मुद्रित होतं. सीडी ड्राइव्ह ते स्वतःच वाजवायचा आणि एका बारीक वायरीतून साउंड कार्डाकडे पाठवायचा. संगणक अडकला तरी ते संगीत अखंड, स्वच्छ चालू राहायचं. गुरुजींच्या संगणकातही घरघरीच्या मागे ते ऐकू येत होतं. कार्ड खराब असतं, तर ते स्वच्छ ऐकू आलं असतं का? एवढा साधा प्रश्न मी तेव्हा स्वतःला विचारला नाही.

किती पुढे धावायचं?

या सगळ्या रचनेत माणसाने विचारपूर्वक ठरवायचा आकडा एकच आहे : साठा किती पुढचा ठेवायचा. बाकी सगळं त्यातून निघतं.

साठा मोठा ठेवला, तर आवाज तुटत नाही. पण उशिरा येतो. बटण दाबलं, पडद्यावर बंदूक उडाली आणि बार नंतर ऐकू आला, असं होतं. सेकंदाच्या दहाव्या हिश्शात आवाज हवेतून साधारण ३४ मीटर जातो. म्हणजे ०.१चा उशीर म्हणजे हातातली बंदूक ३४ मीटरवर वाजल्यासारखी. साठा लहान ठेवला, तर आवाज ताबडतोब येतो. पण प्रोसेसरला जरा उशीर झाला, की साठा संपतो आणि आवाज तुटतो.

इथे डोळा आणि कान यांच्यातला भेद पुढे येतो. सिनेमात सेकंदाला चोवीस स्थिर चित्रं दाखवली, तरी डोळा हालचाल बघतो. त्यातलं एखादं गळलं, तरी सहसा कुणाच्या लक्षातही येत नाही. आवाजात सेकंदाच्या हजाराव्या हिश्शाची फट पडली, तरी ‘टक्’ असं ऐकू येतं. दाब एकदम तुटला, की त्या तुटण्यातूनच सगळ्या वारंवारतांचा एक फटका तयार होतो आणि कान तो लगेच पकडतो. चित्र काढणाऱ्या प्रोग्रामरला थोडी उधारी चालते. आवाजवाल्याला रोखीनेच व्यवहार करावा लागतो.

म्हणूनच पुढच्या सुधारणा या एका आकड्याभोवती फिरताना दिसतात. ‘क्वेक’च्या विंडोजवरच्या आवृत्तीने मायक्रोसॉफ्टच्या ‘डायरेक्टसाउंड’चा उपयोग केला. तिथला बफर ६५,५३६ बाइटचा, म्हणजे जवळपास दीड सेकंदाचा होता. पण आवाज भरायचा तो ०.१ सेकंदाइतकाच पुढचा. जागा मोठी आणि उशीर कमी, असा तो मेळ. १९९९च्या ‘क्वेक ३’मध्ये (याचा कोड २००५मध्ये खुला झाला) कमाल मर्यादा ०.२ केली. मात्र प्रत्यक्षात किती पुढे धावायचं, ते मागच्या फेरीला लागलेला वेळ मोजून ठरवलं जाऊ लागलं. यंत्र वेगवान असेल तर साठा कमी, मंद असेल तर जास्त. आधी सगळ्या यंत्रांना एकच माप होतं. आता ज्याच्या त्याच्या कुवतीप्रमाणे माप आलं.

त्यानंतर या कामाची दिशाच उलटली. खेळाने बफरकडे डोकावून बघण्याऐवजी, साठा कमी झाला की यंत्रणाच वेगळ्या धाग्यावरून खेळाकडे पुढचा घास मागते, ही रीत रूढ झाली. जानेवारी २००७मध्ये घराघरांत आलेल्या विंडोज व्हिस्टाने आवाज मिसळायचं काम कार्डाकडून काढून ऑपरेटिंग सिस्टिमकडे घेतलं. आज एखादा खेळ मधूनच मेला, तर बहुतेक वेळा सिस्टिमला नवा आवाज मिळत नाही आणि ती तिथे शांतता भरते. गुरुजींच्या घरातली घरघर आजच्या मुलांना सहसा ऐकू येत नाही, त्याचं कारण हे.

पण मूळ पेच सुटलेला नाही. २०२०च्या टाळेबंदीत मिरजेतले, पुण्यातले अनेक गाणारे ऑनलाइन शिकवू लागले, तेव्हा तो पुन्हा समोर उभा राहिला. गुरू आणि शिष्य यांच्यामध्ये जे बफर होते, त्यांनी आवाज तुटू दिला नाही, पण उशीर केला. एकत्र गाणं अशक्य झालं. तानपुरा शिष्याने स्वतःच्या घरी लावायचा, गुरूंनी म्हणायचं, थांबायचं, मग शिष्याने म्हणायचं, एवढंच शक्य होतं. सेकंदाचा अंश केवढा मोठा असतो, हे तेव्हा कोड न वाचणाऱ्यांनाही कळलं.

खोक्यातलं कार्ड

‘क्वेक’मधली ती बफर पुसणारी ओळ मी वाचली, तेव्हा २००२ साल उजाडलं होतं. दुसऱ्या दिवशी दुकानातलं खोकं उपसून गुरुजींचं जुनं कार्ड काढलं, एका जुन्या संगणकात बसवलं. ते खणखणीत वाजलं. चार वर्षं मी एका निर्दोष वस्तूला गुन्हेगार म्हणून डांबून ठेवलं होतं आणि त्याचा दंड भलत्याच माणसाने भरला होता.

मी कार्ड आणि पैशाचं पाकीट घेऊन गुरुजींच्या घरी गेलो. नातू तोवर कॉलेजसाठी पुण्याला गेला होता. मी त्यांना रहाटगाडग्याची उपमा देऊन सगळं समजावलं. ते डोळे मिटून ऐकत होते.

“म्हणजे बोलणारा मेला नव्हता,” ते म्हणाले. “सांगणारा मेला होता.”

“होय गुरुजी. आणि मी बोलणाऱ्यालाच बदललं.”

त्यांनी पाकीट उघडूनही पाहिलं नाही. “पैसे ठेव तुझे. तेव्हा तू खोटं बोलला नव्हतास, तुला ठाऊक नव्हतं. आता ठाऊक झालंय तर हे कार्ड आमच्या शाळेतल्या संगणकात बसवून दे. पोरांना तो मुका मिळालाय.”

पुढच्या शनिवारी मी शाळेत जाऊन ते कार्ड बसवलं. पहिला आवाज आला, तेव्हा वर्गातली सगळी पोरं एकदम ओरडली. तेव्हापासून दुरुस्तीला आलेल्या कुठल्याही यंत्राचा भाग बदलण्याआधी, त्यातलं काय काय अजून चालू आहे, हे मी आधी बघतो.